मुद्देमाल, केळी, नग दहा

ती केस आजही आठवते. आठवली की आधी हसू फुटतं आणि मग कानाच्या पाळ्या गरम होतात. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं तर मी दोन वाक्यांत उरकतो. पण घरी पाहुणे जमले की बायको हमखास म्हणते, "ती केळीची सांगा की." कारण तिला माहीत आहे, या एकाच प्रकरणात सगळ्यांत संशयास्पद वागणूक पोलिसांची होती.

दोन हजार पाच-सहाचा सुमार. मुळशी भागातल्या एका ठाण्यात मी सहायक निरीक्षक होतो. ठाण्याचं आणि माणसांचं नाव घेत नाही. त्यातली निम्मी माणसं अजून रस्त्यात भेटतात. हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, मारुंजीत जिथे काल गोठा होता तिथे आज 'वन बीएचके भाड्याने देणे'ची पाटी लागत होती. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी म्हणजे बांधाचे वाद, घरमालक-भाडेकरूंची भांडणं आणि डंपर. त्यामुळे एका सोमवारी इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ लॅपटॉप घेऊन आले आणि म्हणाले, "माझी केळी बदलली गेली आहेत," तेव्हा मला वाटलं, पिशवी बदलली असेल.

तक्रारदार मूळचे जळगावकडचे. हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होते आणि चांद्याला जमीन घेऊन शनिवार-रविवार शेती करायचे. त्यांनी लॅपटॉप माझ्या टेबलावर उघडला आणि मला केळीचे फोटो दाखवायला सुरुवात केली. एखाद्याने लग्नाचा अल्बम दाखवावा तितक्या तपशिलात.

"हे बघा साहेब. पाच महिन्यांचं झाड. माझ्या छातीला लागायला हवं, ते मांडीच्या वर सरकत नाही. पानं बघा, कोबीसारखी एकात एक. आणि हे शेजारच्या ओळीतलं, एकाच दिवशी लावलेलं. कसं तरारलंय!"

"खत कमी पडलं असेल," मी म्हणालो. माझ्या वडिलांची शेती होती, या एवढ्या बळावर.

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी एरवी आरोपींसाठी राखून ठेवत असे. "साहेब, मी जळगावचा आहे. आमच्याकडे पोर रांगायला लागतं ते केळीच्या बागेत. हे खताचं काम नाही. ही झाडंच वेगळी आहेत."

त्यांचं म्हणणं असं. रोपं त्यांनी उरवड्याजवळच्या एका प्रयोगशाळेतून घेतली होती. टिश्यू कल्चरची, म्हणजे एका उत्तम झाडाचा इवलासा तुकडा काचेच्या बाटलीत वाढवायचा, त्याला कोंब फुटले की ते कापून पुन्हा बाटल्यांत घालायचे, असं करत करत एका आईची हजारो लेकरं तयार करायची. सगळी हुबेहूब. मग एका बागेत दोन जातीची लेकरं आली कुठून? प्रयोगशाळा म्हणत होती, आमच्याकडून माल चोख गेला. म्हणजे उरवडे ते चांदे या वाटेत कुणीतरी चांगली रोपं उतरवून रद्दी भरली. आणि वाटेत फक्त एकच माणूस होता, टेम्पोवाला.

मला हे पटलं. खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं. पोलिसाला चोर आयता मिळाला की तो तक्रारीकडे वेगळ्या प्रेमाने बघतो. शिवाय भारतीय दंड संहितेत यासाठी खास कलम आहे, चारशे सात, माल वाहून नेणाऱ्याने केलेला विश्वासघात. इतक्या वर्षांत ते मी एकदाही लावलं नव्हतं. नवी चप्पल घालून बघायचा मोह होतो तसं झालं.

त्यात खबरही मिळाली. मारुंजीच्या तिठ्यावर एक पंक्चरवाला होता, आमचा जुना खबरी. त्याने सांगितलं, "साहेब, त्यो टेम्पो मला पक्का आठीवतोय. नवा कोरा, पुढं झेंडूचा हार, मागं हिरवीगार रोपं. हितं उभा व्हता, चांगलं दोन-तीन तास."

"रोपं उतरवताना पाहिलीस?"

"आता मी टायर बघू का रोपं बघू?"

झालं. उरवडे ते चांदे जाताना मारुंजी वाटेत लागतच नाही, आणि हा तिथे तीन तास उभा. मी टेम्पो जप्त केला आणि टेम्पोवाल्याला चौकशीला बोलावलं.

पंचविशीचा पोरगा. पलीकडच्या डोंगरातल्या वाडीवरचा, हाडं मोजून घ्यावीत असा, पण टेम्पो कर्ज काढून स्वतःचा घेतलेला. मी टेबलावर काठी आडवी ठेवली, पंखा बंद केला, दोन मिनिटं गप्प बसलो. ही माझी पद्धत होती. पंखा बंद केल्याने घाम मलाही यायचा, हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

"मारुंजीत काय करत होतास?"

"च्या पीत व्हतो."

"तीन तास?"

"लई गरम व्हता साहेब."

मी काठी आपटली. पोरगा दचकला, आणि मग जो काही कबुलीजबाब सुरू झाला! "सांगतो साहेब, समदं सांगतो. पीयूसी काढल्याली न्हाई. डाव्या अंगाचा दिवा गेलाय, झाडाला ठोकला व्हता, त्ये बी घरी सांगू नका. पिरंगुटापास्नं दोनदा शिटा भरल्या. जत्रंला एकदा लायसन घरी इसरलं व्हतं."

"आणि रोपं?"

"रोपं जशी भरली तशी उतरावली. आईची आन."

"मग मारुंजीत कशाला थांबलास?"

"म्हनलं की. च्या."

तीन दिवस रोज बोलावलं. रोज नवा गुन्हा कबूल करायचा, पण मारुंजीचं नाव काढलं की चहा. मी मनात म्हटलं, पक्का मुरलेला आहे.

आता बाकावरच्या माणसाबद्दल सांगायला हवं. पहिल्याच दिवशी ठाण्याच्या व्हरांड्यात एक टोपीवाले पाटील गृहस्थ येऊन बसले होते. धिप्पाड, मिशा अशा की आमच्या हवालदाराने नकळत सलाम ठोकला. मी बाहेर आलो तसे उठले.

"साहेब, मी मारुंजीचा. ह्या टेम्पोवाल्याला माझी पोरगी द्यायचं घाटतंय. पोरगं मला पसंत हाय. पर आता तुमी धरलंय. तवा चोर हाय का न्हाई, तेवढं सांगा, म्हंजी मी मोकळा."

"तपास चालू आहे. बाहेर बसा."

"किती दिस चालंल?"

"सांगता येत नाही."

"आवो, चोर असला तर मी दुसरीकडं बघतो. न्हाई असला तर मांडववाल्याला सांगायचं हाय. माझं काय घाईचं न्हाई, पर मांडववाला थांबत न्हाई."

"बाहेर बसा म्हटलं ना!"

ते बसले. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले. पुढे पुढे आमच्या चहात त्यांचा कप आपोआप वाढला. पोरगा चौकशीला आत जाताना त्यांच्याकडे बघायचा नाही आणि तेही त्याच्याकडे बघायचे नाहीत. पण माझ्या काठीपेक्षा तो त्या बाकाला जास्त भ्यायचा. अटक झाली की लग्न मोडणार, हे त्याला आणि मला दोघांनाही स्वच्छ दिसत होतं. फरक इतकाच की मला ते दबाव आणायला सोयीचं वाटत होतं.

मग मुद्देमाल. रीतसर पंचनामा करून मी बागेतली दहा झाडं जप्त केली, पाच चांगली, पाच बिघडलेली. मुळं-मातीसकट उपटलेलं केळीचं झाड किती जड असतं, हे ज्याने उचललं त्यालाच माहीत. आमच्या जीपमध्ये एक मावेना. शेवटी ज्या टेम्पोतून गुन्हा घडला, तोच टेम्पो नेला, आणि तो दुसऱ्या कुणाकडून चालू होईना म्हणून टेम्पोवाल्यालाच चालवायला बसवलं. संशयिताच्या गाडीतून, संशयिताकडूनच मुद्देमाल वाहून आणणारा राज्यातला पहिला अधिकारी मीच असावा. त्याने झाडं इतकी जपून उतरवली की तक्रारदारांनी त्याला सवयीने थँक यू म्हटलं.

मुद्देमालाच्या खोलीत ना उजेड, ना वारा. तिथे झाडं मेली असती. म्हणून ठाण्याच्या मागे, नळाच्या सांडपाण्यावर हवालदाराने लावलेल्या देशी केळीच्या बेटाशेजारी ती लावली. प्रत्येकाच्या गळ्यात सुतळीने लेबल बांधलं, लाखेचं सील मारलं. लांबून पाहिलं तर दहा जणांना पाट्या अडकवून फोटोला उभं केल्यासारखं दिसायचं.

ते पाहूनच मला कल्पना सुचली. ओळख परेड! मी प्रयोगशाळेच्या मॅनेजरला बोलावलं. चांगली-बिघडलेली झाडं मनातल्या मनात मिसळली, दोन पंच उभे केले आणि म्हटलं, "यातली तुमच्याकडची कोणती आणि परकी कोणती, हात लावून दाखवा."

मॅनेजर एकदा या टोकाकडून त्या टोकाकडे गेला, मग परत आला. "साहेब, माणसाला चेहरा असतो. केळीला काय असतं?"

"तुमची लेकरं आहेत ना? मग ओळखा."

व्हरांड्यातून बाकावरचे पाटील म्हणाले, "साहेब, एकांदं स्वतःच हुबं ऱ्हाईल पुढं, जरा दम द्या की."

पंच हसले. पंचांनी हसू नये असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण असायला हवा. मॅनेजर मात्र चिडून म्हणाला, "तुम्हाला एवढीच शंका आहे ना, तर डीएनए तपासा. आमच्याकडे आईचं झाड अजून आहे. जुळवून बघा आणि होऊन जाऊ द्या." आणि पुण्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या मॅडम हे काम करतात, असं त्यानेच सांगितलं.

मी दहा झाडांचं एकेक पान आणि आईच्या झाडाचं पान घेतलं, कापडी पुडक्यांत शिवलं, सील मारलं, सह्या घेतल्या, पुण्याची फेरी निघेपर्यंत दोन दिवस कपाटात ठेवलं आणि स्वतः घेऊन गेलो. मॅडमनी पहिलं पुडकं उघडलं, वास घेतला आणि मला विचारलं, "हे पान आहे की तंबाखू?"

"सील शाबूत आहे मॅडम."

"सील शाबूत आहे, पान कुठे आहे? अहो, कोवळं पान हवं, आजच खुडलेलं, बर्फात ठेवलेलं."

ठाण्यात बर्फाची पेटी कुठून असणार? आठवडे बाजारातल्या मासळीवालीची थर्माकोलची पेटी मागून आणली. दुसऱ्या खेपेला मॅडमनी पेटी उघडली, दोन पावलं मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "आता पान आहे. पण कशाचं आहे ते विचारावं लागेल." मग खिडक्या उघडून त्यांनी मला समजावलं. पानातून डीएनए काढायचं. त्यातले ठरावीक तुकडे वाढवायचे. ते जेलीच्या पातळ वडीतून विजेच्या जोरावर पळवायचे, लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे रेंगाळतात. मग खास दिव्याखाली धरलं की ओळीने पट्टे दिसतात. प्रत्येक पट्टा म्हणजे एक खूण.

"बोटांच्या ठशांसारखं," मी म्हणालो.

"थोडं उलटं. ठसे प्रत्येकाचे वेगळे असतात म्हणून तुम्हाला उपयोगी. इथे सगळ्यांचे पट्टे आईसारखे असायला हवेत. वेगळा दिसला तर प्रश्न."

परत येताना जीपमध्ये मी विचार करत होतो. आमच्या धंद्यात जुळलं की माणूस अडकतो. इथे जुळलं की टेम्पोवाला सुटणार होता. मला ते जरा चुकीचंच वाटलं.

निकाल यायला काही आठवडे लागले. तेवढ्यात ठाण्याचा वार्षिक सत्यनारायण झाला. हवालदाराने एकट्याने सगळी तयारी केली, प्रसाद उत्तम झाला, बाकावरच्या पाटलांनी दोनदा घेतला. मी पूजेला बसलो होतो आणि देवाला मनोमन म्हटलं होतं, तेवढं चारशे सात सिद्ध होऊ दे. त्यानंतर मॅडमचा निरोप आला की पहिल्या पानांतलं काही नीट निघालं नाही, पुन्हा एकदा ताजी द्या. हवालदाराने पानं खुडली, मी नेऊन दिली.

आणि मग अहवाल. मॅडमनी छायाचित्रच समोर ठेवलं. काळ्या पाटीवर पांढऱ्या रेघांच्या शिड्या. "ही पहिली आई. ही पाच चांगली झाडं, पट्ट्याला पट्टा जुळतोय. ही चार बिघडलेली. बाकी सगळं आईसारखं, फक्त हा एक पट्टा चौघांतही गायब. पण हे शेवटचं..." त्यांनी शेवटच्या शिडीवर पेन्सिल टेकवली. "हे नात्यातलंसुद्धा नाही. वेगळीच जात."

मला पुढचं काही ऐकू आलं नाही. त्या गायब पट्ट्याबद्दल बरंच सांगत होत्या. मी मान हलवत होतो आणि डोक्यात अटकेचा पंचनामा लिहीत होतो. परकं झाड सापडलं! एक घुसवलं तर चारही त्यानेच बिघडवली असणार. कशी, ते न्यायालयात बघू.

तक्रारदारांना फोन करून ठाण्यावर बोलावलं. ते आले आणि टेबलावर थाप मारून म्हणाले, "बघा! म्हटलं नव्हतं?" टेम्पोवाला कोपऱ्यात उभा होता. त्याला म्हटलं, "आता बोल. वेगळ्या जातीचं झाड तुझ्या टेम्पोत आलं कुठून?"

पोरगा एक पाऊल पुढे आला. "साहेब, म्या न्हाई. खरंच न्हाई."

"मग मारुंजीत काय करत होतास?"

त्याने एकदा दाराकडे पाहिलं. दारात पाटील उठून उभे होते, टोपी हातात घेऊन. पोराने मान खाली घातली. "च्या पीत व्हतो," तो इतक्या हळू म्हणाला की मलाच क्षणभर कसंतरी झालं.

"हवालदार, अटकेचे कागद काढा."

हवालदार हलला नाही. खोकला. पुन्हा खोकला. सव्वीस वर्षं नोकरी झालेला, निवृत्तीला आलेला माणूस. "साहेब, जरा आत येता का?"

आत गेल्यावर त्याने दार लावून घेतलं.

"साहेब, सत्यनारायणाला चौरंगाला चार खांब लागत्यात."

"मग?"

"आपल्या बेटाची तीनच निघाली, येवस्थित. चौथं लई मोठं. मग ते मुद्देमालातलं बुटकं व्हतं, चौरंगाच्या मापाचं. तसंबी बिघडलेलंच. म्हनलं, देवाच्या कामाला आलं तर त्याचं बी सोनं हुईल."

मी खुर्ची शोधली. "तू मुद्देमाल पूजेला बांधलास?"

"न्हाई म्हंजी, लगीच भरून काढलं साहेब. पंचनाम्यात नग दहा लिवलेत. नग नऊ झालं तर तुमच्यावर येईल. म्हनून आपल्या बेटाच्या बुडातनं तेवढाच एक मुनवा, म्हंजी केळीचं पिल्लू, काढला, त्याच जाग्यावर लावला, तेच लेबल बांधलं. सील बी पुन्ना मारलं. नग दहाच हायेत. मोजून बघा."

मोजायची गरज नव्हती. मला हवालदारावर ओरडायचं होतं, पण त्याच्या डोळ्यांत खरोखरच अभिमान होता. चोवीस तास पहारा असलेल्या आवारात रोपांची अदलाबदल करणारा सापडला होता. तो आमच्याच वेतनपटावर होता, आणि त्याने ज्या पूजेसाठी ती केली, त्या पूजेला यजमान म्हणून मी बसलो होतो.

मॅडमना फोन करताना मी तीनदा नंबर फिरवून तीनदा ठेवला. चौथ्यांदा सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ नुसतं हसणं ऐकू येत होतं. मग म्हणाल्या, "अहो, हवालदारांना माझे आभार सांगा. तुमचे तक्रारदार उद्या म्हणाले असते ना की ही चाचणी सगळ्यालाच सारखं दाखवते, तर मी काय दाखवलं असतं? मला एक परकं झाड मुद्दाम घालायला हवं होतं, राहून गेलं होतं. ते तुम्ही घातलंत. परकं असेल तर चाचणी धरते, हे आता सिद्ध आहे. आणि ती उरलेली चार परकी नाहीत."

"मग ती बिघडली कशी?"

"तेच मी त्या दिवशी सांगत होते आणि तुम्ही मान हलवत होता." मग त्यांनी पुन्हा सांगितलं. बाटलीतला कोंब कापून वाढवायचा, तो पुन्हा कापायचा, याला मर्यादा असते. फार फेऱ्या झाल्या की काही रोपं आतून बदलतात. कुणी घुसवत नाही, कुणी चोरत नाही. त्याच आईची असतात, फक्त वाढ हरवून बसतात. रोगही नाही. बाटलीत कळत नाही, टेम्पोत कळत नाही. कळतं पाच महिन्यांनी, शेतात.

मॅनेजरला बोलावून हे सांगितलं तेव्हा त्याने आधी छताकडे पाहिलं. मग म्हणाला की त्या हंगामात मागणी फार होती, एका खेपेच्या बाटल्या नेहमीपेक्षा जास्त वेळा फिरवल्या होत्या. "सगळ्याच बिघडत नाहीत हो साहेब. म्हटलं, निघतील." चाचणी करा म्हणून जोरात सांगणारा हाच. तक्रारदारांनी त्याच्याकडे जळगावची ती खास नजर टाकली. पुढच्या लावणीला नवी रोपं, आणि आधी मॅडमकडून तपासलेली, असं दोघांत ठरलं. मी न्यायालयात 'क' समरीचा अहवाल पाठवला, गुन्हा गैरसमजातून दाखल झाल्याचा. गैरसमज कुणाकुणाचे, ते त्यात सविस्तर लिहिण्याची सुदैवाने पद्धत नाही.

टेम्पोची किल्ली परत देताना मी पोराला म्हटलं, "आता तरी सांग. तीन तास कुठे होतास?"

तो नुसता हसला आणि किल्ली घेऊन गेला. आवारात बंद पडून राहिलेला टेम्पो ढकलून सुरू करावा लागला. ढकलायला हवालदार गेला, तेवढी शिक्षा मी त्याला दिली.

पाटील बाकावरच होते. म्हणाले, "माझ्या पोरीचं मारुंजीत झेरॉक्साचं दुकान हाय. त्याच्या म्होरं हुबा व्हता त्यो. नवा टेम्पो दावायला आलता तिला. मी समोरच्या टपरीवरनं बगत व्हतो की. टेम्पोला हात बी न्हाई लावला कुनी."

"तुम्हाला हे माहीत होतं? पहिल्या दिवसापासून?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी कुटं इचारलं? मी तोंड उघडलं की तुमी म्हनायचा, बाहेर बसा. मी बसलो."

महिनाभर एक प्रत्यक्षदर्शी साक्षीदार माझ्याच व्हरांड्यात माझाच चहा पीत बसला होता.

"आन खरं सांगू का साहेब," ते जरा पुढे वाकले, "मला बी बगायचं व्हतं. पोलिसांनी काठी आपटल्यावर माझ्या पोरीचं नाव घेतो का ते. येका शब्दानं सुटला असता. न्हाई घेतलं. पीयूसी सांगितली, दिवा सांगितला, तिचं नाव न्हाई. आता तुमी महिनाभर त्याला चोर ठरवायला बसला आन तुमाला बी जमलं न्हाई. येवढा तपासलेला जावई मला कुटं घावायचा?"

पुढे बदली झाल्यावर निवांत बसलो की मी या प्रकरणाचा विचार करत असे. फिर्यादीच्या छापील नमुन्यात आरोपीच्या नावाला एक रकाना असतो. तो रिकामा ठेवायला आमचा हात धजत नाही. आपण काम केलं नाही असं वाटतं. मी तो पहिल्या तासात भरला आणि मग महिनाभर त्या एका नावाला शोभेल असं जग जमवत बसलो. झाड आपोआप बिघडू शकतं, माणूस चांगल्या कारणासाठी खोटं बोलू शकतो, आणि माझा हवालदार पूर्ण इमानदारीने पुरावा बदलू शकतो, या तिन्ही गोष्टींना त्या नमुन्यात जागा नव्हती. मॅडमच्या पट्ट्यांना कुणाचं नाव माहीत नव्हतं, म्हणून ते बरोबर बोलले.

साखरपुड्याला मला मानाने पहिल्या पंगतीत बसवलं. पाटलांनी सगळ्या पाव्हण्यांना हाक मारून ओळख करून दिली, "ह्ये साहेब. आमच्याकडनं पोराची चौकशी ह्यांनी केली."

पाव्हण्यांनी आदराने माना डोलावल्या. जेवणं झाल्यावर त्यातले एक जण हळूच माझ्याजवळ सरकले. "साहेब, आमच्या बी पोरीला येक स्थळ आलंय, वाकडचं. पोरगं दिसायला बरं हाय." त्यांनी आजूबाजूला बघून आवाज खाली केला. "महिनाभर तेवढं ठाण्यात बसवून बगता का?"